पडदा सरकेपर्यंत

नवीन मशीन हातात आलं की माझी पहिली दहा मिनिटं ठरलेली असतात. सेटिंग्ज उघडायची आणि एकेक दिवा मालवत जायचा. ट्रान्सपरन्सी बंद. अ‍ॅनिमेशन बंद. विंडोज असेल तर ‘परफॉर्मन्स ऑप्शन्स’मधली ती जुनी यादी शोधून काढायची. एक्सपीच्या काळापासून ती जवळजवळ तशीच आत कुठेतरी पडून आहे. मेन्यू फेड होत उघडू दे, कॉम्बोबॉक्स घरंगळत खाली येऊ दे, टास्कबारमध्ये हालचाल दिसू दे, असल्या सगळ्या ओळींसमोरचे टिकमार्क काढून टाकायचे. दोनच ठेवतो: अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारा, आणि विंडो ओढताना तिच्यातला मजकूर दिसत ठेवणारा.

गेल्या आठवड्यात हे चालू असताना शेजारी बसलेला नवा मुलगा म्हणाला, “सर, एवढं छान दिसत होतं. मारून टाकलंत की.”

मला हसू आलं. २००७ मध्ये त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, आणि वर अर्धा तास वाद घातला असता.

त्या वर्षी माझ्या लिनक्सवर घन फिरत होता. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना लगेच कळेल. कॉम्पिझ: लिनक्सच्या विंडोंकडून असल्या करामती करून घेणारं सॉफ्टवेअर. नोव्हेल कंपनीतून २००६ च्या सुरुवातीला ते बाहेर पडलं, त्याच वर्षी त्यातून बेरील फुटून निघालं, आणि २००७ मध्ये दोघांचं पुन्हा जमून कॉम्पिझ फ्यूजन झालं. भांडणं, समेट, त्यावर रात्र रात्र चाललेल्या चर्चा, सगळं मी आवडीने वाचायचो. कंट्रोल आणि ऑल्ट दाबून माउस ओढला की चार डेस्कटॉप एका घनाच्या चार बाजूंवर चिकटलेले दिसायचे आणि तो घन हाताने गरगर फिरवता यायचा. शिफ्ट-एफ९ दाबलं की स्क्रीनवर पाऊस. थेंब पडायचे, तरंग उठायचे, खालची अक्षरं पाण्यातून पाहिल्यासारखी हलायची. विंडो बंद केली की ती जळून जायची, अगदी ज्वाळांसकट.

आणि त्या डुलणाऱ्या विंडोज. टायटल बार पकडून ओढली की विंडो ओल्या फडक्यासारखी मागे लोंबायची आणि सोडली की थरथरत जागेवर यायची. त्याच्या सेटिंगमध्ये ‘फ्रिक्शन’ आणि ‘स्प्रिंग’ असे दोन आकडे होते. आतमध्ये खरोखरच स्प्रिंगांचा हिशेब चालायचा: विंडोवर चार गुणिले चार अशी बिंदूंची जाळी टाकलेली, प्रत्येक बिंदूला वजन, शेजारच्या बिंदूंशी स्प्रिंगने बांधलेला. तुम्ही एक बिंदू ओढता, बाकीचे पंधरा आपापल्या परीने मागे येतात. घर्षण कमी केलं की विंडो थांबायचंच नाव घेत नसे. मी एक अख्खा रविवार त्या दोन आकड्यांवर घालवलाय, आणि तो वाया गेला असं मला आजही वाटत नाही.

मुद्दा असा की त्या घनाने माझं एकही काम लवकर झालं नाही. दुसऱ्या डेस्कटॉपवर जायला कंट्रोल-ऑल्ट-बाण पुरायचा. घन फिरवायचो तो फक्त कुणी मागे उभं असलं की.

तरी त्या सगळ्या खेळाच्या खाली एक फार मोलाची गोष्ट घडत होती, आणि ती मला बऱ्याच वर्षांनी नीट कळली. एक्सपीवर एखादा प्रोग्रॅम हँग झालाय आणि त्याच्यावरून तुम्ही दुसरी विंडो ओढताय, हे दृश्य आठवा. ओढलेल्या विंडोचे ठसे मागे राहायचे. एकावर एक पन्नास डायलॉग बॉक्स, पत्त्यांचा डाव पसरावा तसे. तेव्हा आम्ही त्यातही चित्रं काढायचो. ते ठसे का उठायचे? सगळे प्रोग्रॅम एकाच पाटीवर लिहीत होते. स्क्रीनची मेमरी सगळ्यांना मिळून एक. वरची विंडो सरकली की खाली उघड्या पडलेल्या भागाचा मालक कोण ते शोधून विंडोज त्याला सांगायचं, ‘बाबा, एवढा तुकडा पुन्हा रंगव.’ मालक हँग असला की रंगवणार कोण? मग जुनाच रंग तिथे राहायचा.

कंपोझिटर आला आणि प्रत्येक विंडोला स्वतःची वेगळी पाटी मिळाली. प्रोग्रॅमने आपल्या पाटीवर लिहावं, त्या सगळ्या पाट्या एकावर एक मांडून स्क्रीनवर काय दिसायचं ते कंपोझिटर ठरवेल. मॅक ओएस टेनमध्ये ही व्यवस्था आधीपासून होती, २००२ मध्ये तिचा भार ग्राफिक्स कार्डवर गेला. विंडोजमध्ये ती व्हिस्टा या आवृत्तीबरोबर आली, लिनक्सवर कॉम्पिझसारख्यांनी आणली. आता पाटी वेगळी आहे आणि ती ग्राफिक्स कार्डच्या ताब्यात आहे, म्हटल्यावर ती तिरकी करणं, घनावर चिकटवणं, डुलवणं हे सगळं जवळजवळ फुकटात मिळतं. म्हणजे घन हे त्या नव्या जोत्यावर बांधलेलं कारंजं होतं. लोक कारंजं बघायला जमले आणि जोतं कुणी पाहिलंच नाही.

पुढे काय झालं ते मला फार बोलकं वाटतं. व्हिस्टाची ती काच, म्हणजे विंडोच्या कडांतून मागचं धूसर दिसणं, ज्यावर एवढा गाजावाजा झाला, ती विंडोज ८ मध्ये २०१२ साली काढून टाकली. पण त्याच विंडोज ८ मध्ये खालचा कंपोझिटर कायमचा चालू झाला. आधी तो बंद करता यायचा, तिथून पुढे ती सोय गेली.

माझ्या कॉम्पिझच्या डझनावारी प्लगिनांपैकी अखेर माझ्याकडे तीन टिकले. सगळ्या विंडोज लहान करून शेजारी शेजारी मांडणारं एक, माउसच्या आसपासचा भाग मोठा करून दाखवणारं एक, आणि विंडोचे रंग उलटे करणारं एक. शेवटची दोन मी खेळ म्हणून चालू केली होती. पुढे डोळ्यांना रात्रीचं पांढरं पान सोसेना, तेव्हा त्यांचा खरा उपयोग कळला. कमी दिसणाऱ्या माणसाला तर अख्खी स्क्रीन हवी तेवढी मोठी करून मिळणं म्हणजे काम करता येणं आणि न येणं यातला फरक आहे. तंत्र तेच. पाऊसही त्याच पाटीवर पडत होता.

विंडोज मांडण्यावरून आठवलं. व्हिस्टात विंडोज-टॅब दाबलं की सगळ्या विंडोज तिरक्या होऊन एकामागे एक उभ्या राहायच्या. फ्लिप थ्रीडी. दुकानात लावलेल्या डेमो मशीनवर त्याच्यासारखं देखणं काही नव्हतं. पण वापरून बघा: सगळ्यात पुढची विंडो पूर्ण दिसते, मागच्यांच्या फक्त कडा. हवी ती सापडेपर्यंत एकेक पुढे काढत बसायचं. याच्या चार वर्षं आधी, २००३ मध्ये, मॅकवर एक्सपोझे आलं होतं. एफ९ दाबा, सगळ्या विंडोज सपाट, लहान, एकही दुसरीवर नाही. एका नजरेत हवी ती दिसते, क्लिक करायची, संपलं. त्यातही अ‍ॅनिमेशन होतंच. विंडो आपल्या जागेवरून लहान होत होत नव्या जागी जाते, त्यामुळे ‘ही ती मघाचीच’ हे डोळ्याला वेगळं सांगावं लागत नाही. दोन्हींच्या मुळाशी तेच ग्राफिक्स कार्ड. एकाने विचारलं की माणसाला काय शोधायचंय, दुसऱ्याने विचारलं की काय दाखवता येईल. फ्लिप थ्रीडी विंडोज ८ मध्ये गेलं, आणि विंडोज १० मध्ये त्याच विंडोज-टॅबवर जे आलं ते सपाट होतं.

आता माझी स्वतःची गोष्ट. हा लेख खरं तर तिच्यासाठीच लिहायला घेतला आणि घनाभोवती फिरत बसलो.

२००९ साली एका पॅथॉलॉजी लॅबचं नोंदणीचं सॉफ्टवेअर मी नव्याने लिहीत होतो. जुनं सॉफ्टवेअर डॉसचं: काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, खाली एफ१ ते एफ१०ची ओळ. ते बदलायला हवं होतं यात शंका नाही. प्रत्येक टेस्टचा आकडी कोड पाठ असावा लागे आणि नवीन आलेल्या मुलीला महिनाभर वहीत बघून टाइप करावं लागे. मी डब्ल्यूपीएफ घेतलं. प्रोग्रॅमच्या स्क्रीन रचायचं मायक्रोसॉफ्टचं हे तंत्र तेव्हा तीनेक वर्षांचं होतं आणि त्यात अ‍ॅनिमेशन लिहिणं इतकं सोपं की न लिहिणं जिवावर यायचं. चार ओळींत काहीही सरकवा, फिरवा, विरघळवा.

नोंदणीचा फॉर्म मी पाच पानांत विभागला. नाव-पत्ता, मग वय-लिंग, मग पाठवणारे डॉक्टर, मग टेस्ट, मग पैसे. एका पानावरून दुसऱ्यावर जाताना जुनं पान डावीकडे सरकत जाई आणि नवं उजवीकडून आत येई. चारशे मिलिसेकंद, आणि शेवटी जरा मंदावत थांबणारं, लिफ्ट मजल्यावर थांबते तसं. प्रत्येक चौकटीला मऊ सावली. डेमोच्या दिवशी लॅबचे मालक, दोन डॉक्टर, हिशेबनीस, सगळे प्रोजेक्टरसमोर बसले होते. पहिलं पान सरकलं तेव्हा कुणीतरी “वा!” म्हणालं. मी ते मुद्दाम पुन्हा मागे-पुढे करून दाखवलं.

ज्या काकू रोज आठ तास त्या फॉर्मसमोर बसणार होत्या त्या डेमोला नव्हत्या. काउंटरवर होत्या. कुणीतरी असायला हवं ना तिथे.

सोमवारी सकाळी मी त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसलो. काकू टाइप करताना स्क्रीनकडे बघतच नाहीत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. डावीकडे डॉक्टरांची चिठ्ठी, नजर तिच्यावर, आणि बोटं आपली चाललेली. नाव, एंटर, पत्ता, एंटर, फोन, एंटर, वय, एंटर. डॉसमध्ये हे बिनदिक्कत चालायचं. मूळ पीसीच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या अगदी मुळाशी असलेल्या प्रोग्रॅममध्ये, कीबोर्डसाठी सोळा खणांचा एक बफर असतो, त्यात पंधरा बटणं मावतात. प्रोग्रॅम मागे पडला तरी दाबलेली बटणं त्या रांगेत थांबून राहतात आणि वेळ मिळाला की एकेक आत जातात. रांग भरली की मशीन बीप करतं. काकूंना त्या बीपचा अर्थ पक्का ठाऊक होता: ‘जरा दम धर.’ पंधरा वर्षांत त्यांची आणि त्या बफरची लय जुळलेली होती, आणि मला त्या बफरचं अस्तित्वसुद्धा आठवलं नव्हतं.

माझं पान सरकत असताना अर्धवट आत आलेल्या बटणावर कुणी क्लिक करू नये म्हणून मी दोन्ही पानं तेवढा वेळ डिसेबल करून ठेवली होती. ही माझी हुशारी. डिसेबल केलेल्या पानाला कीबोर्ड ऐकू येत नाही. त्या चारशे मिलिसेकंदांत दाबलेलं बटण कुठल्याच रांगेत जात नव्हतं, हवेत विरत होतं.

काकूंनी फोन नंबर टाकला, एंटर मारला, पान सरकायला लागलं, त्यांनी ५ दाबलं, पान थांबलं, त्यांनी ४ दाबलं, एंटर. वय: ४.

हे मला तेव्हा दिसलं नाही, त्यांनाही नाही. मला एवढंच दिसलं की तिसऱ्या-चौथ्या पेशंटनंतर त्या थबकायला लागल्या. एंटर मारायचा, हात वर उचलायचा, स्क्रीनकडे बघायचं, पुन्हा चिठ्ठीत ओळ शोधायची. तासाभराने त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अरे, तुझा तो पडदा सरकेपर्यंत मी काय हात जोडून बसू का?”

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. सवय होईल, असं बहुतेक. आता लिहितानाही लाज वाटते.

दुपारी पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर सह्या करायला बसले आणि त्यांनी एक रिपोर्ट हातात धरून मला आत बोलावलं. “चार वर्षांच्या मुलाची प्रोस्टेटची टेस्ट कोणी सांगितली?” त्यांनी हे हसत विचारलं, पण पुढचं हसत नाही. त्याच रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम होतं. वाढत्या वयाच्या मुलांची हाडं वाढत असतात म्हणून त्यांच्यात ते मुळातच जास्त असतं, आणि सॉफ्टवेअर वयावरून ठरवतं की नॉर्मल मर्यादा कोणती छापायची. चोपन्न वर्षांच्या माणसाचं वाढलेलं मूल्य मुलांच्या मर्यादेत चपखल बसलं होतं. शेजारी कुठलीही खूण नव्हती, आकडा ठळक झाला नव्हता. प्रोस्टेटची टेस्ट सोबत नसती तर? डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्या हातात दिला आणि खुर्ची मागे सरकवून नुसते बघत राहिले.

त्या रात्री मी बसून हिशेब केला. एका नोंदणीला चार वेळा पान बदलतं, म्हणजे १.६ सेकंद. दिवसाला अडीचशे नोंदी धरल्या तर चारशे सेकंद, पावणेसात मिनिटंही नाहीत. आकड्यात बघितलं तर काहीच नाही. कुठल्याही मिटिंगमध्ये मी हा आकडा दाखवून स्वतःला सोडवून घेतलं असतं. पण काकूंचे ते सेकंद एका जागी साठलेले नव्हते, ते प्रत्येक वाक्याच्या मधोमध घुसवलेले होते. बोलणाऱ्याला दर चौथ्या शब्दाला थांबवलं तर त्याचा किती वेळ गेला हे कोणी मोजत नाही, तो बोलायचं विसरतो.

मग सगळं उपटलं. पाच पानांचं एक पान केलं, सगळी फील्ड्स समोर, दाटीवाटीने, दिसायला अगदी सरकारी अर्जासारखी. सावल्या काढल्या. सावल्यांची वेगळीच कथा: मी जुन्या उदाहरणातून उचललेला सावलीचा इफेक्ट ग्राफिक्स कार्डला हातच लावत नव्हता, सगळं प्रोसेसरकडून काढून घेत होता. कार्डवर चालणारा नवा इफेक्ट २००८ मध्ये येऊन गेला होता, मी पाहिलाच नव्हता. आणि लॅबचं दुसरं कलेक्शन सेंटर रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे इथल्या मशीनची स्क्रीन तिथे बघत, काम करायचं. तिथे सरकणाऱ्या पानाचं एकेक चित्र वायरवरून जात होतं, त्यामुळे पडदा सरकत नसे, धापा टाकत येई.

दुसऱ्या आठवड्यात काकूंनी विचारलं, “ते एफ४ कुठे गेलं?” जुन्यात एफ४ दाबलं की आधीच्या पेशंटचं त्या फील्डमधलं जसंच्या तसं इथे येई. एकाच घरातले चौघे तपासणीला आले की पत्ता, फोन, डॉक्टर पुन्हा टाकायला नको. जुनं सॉफ्टवेअर बघताना मी ते पाहिलं होतं आणि ‘नंतर करू’ म्हणून सोडलं होतं. का सोडलं? प्रामाणिकपणे सांगतो, डेमोत ते दाखवता येण्यासारखं नव्हतं. एफ४ने “वा!” कोण म्हणणार? करायला मला वीस मिनिटं लागली. पान सरकवण्याचा मंदावणारा वेग जमवायला दोन दिवस घालवले होते.

एक अ‍ॅनिमेशन मात्र मी तेव्हा नव्याने घातलं, आणि ते शेवटपर्यंत राहिलं. नोंद सेव्ह झाली की खालच्या यादीत ती ओळ पिवळी होते आणि सेकंदाभरात तो पिवळा रंग विरून जातो. तेवढ्या वेळात टाइप करणं अडत नाही, काहीही डिसेबल होत नाही. पिवळं आधी साधं, न विरणारं करून पाहिलं होतं, पण मग दोन-तीन ओळी पिवळ्याच राहायच्या आणि आत्ताची कोणती ते कळायचं नाही. विरून जाण्यातच ‘आत्ता’ हा अर्थ होता. काकू म्हणाल्या, “ते पिवळं होतं ते बरंय. डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं, झालं सेव्ह.”

तेव्हापासून माझी कसोटी एकच. ही हालचाल कुणाच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर देतेय का? ‘गेलं कुठे?’ ‘झालं का?’ ‘हे कुठून आलं?’ १९८४ च्या मूळ मॅकवर फोल्डर उघडलं की त्या चित्रापासून मोठ्या होत जाणाऱ्या रिकाम्या चौकटी उमटायच्या आणि मग विंडो दिसायची. नुसत्या रेघा, काळ्या-पांढऱ्या. पण ‘ही विंडो त्या फोल्डरची’ हे सांगून मोकळ्या. विंडोज ९५ मध्ये विंडो मिनिमाइझ केली की टायटल बार उडत टास्कबारवर जाऊन बसायचा, आणि ज्याने आयुष्यात पहिल्यांदा टास्कबार पाहिला त्याला कळायचं की ती मेली नाही, खाली जाऊन बसलीय. मॅक ओएस टेनमध्ये मिनिमाइझ केलेली विंडो दिव्यात शिरणाऱ्या जिनीसारखी निमुळती होत खाली जाते, त्या जिनीबद्दल मात्र माझं मन दुटप्पी आहे. तो सांगतो तेच, पण जरा जास्तच रंगवून. शिफ्ट दाबून धरली तर तो संथ गतीने शिरतो, ही सोय केवळ कौतुक करून घ्यायलाच ठेवली असावी असा माझा संशय आहे.

आणि ज्या उत्तराची एकदा गरज होती ते हजाराव्यांदा ऐकायला नको असतं. म्हणून बंद करायची सोय हवी, आणि ती पाळली गेली पाहिजे. विंडोजमध्ये व्हिस्टापासून अशी एक सेटिंग आहे जी प्रत्येक प्रोग्रॅमला विचारता येते: ‘या माणसाला अ‍ॅनिमेशन हवंय का?’ डब्ल्यूपीएफमध्ये तर ती एका ओळीत वाचता येते. मी २००९ मध्ये वाचली नव्हती. किती जण वाचतात कोण जाणे. काही लोकांना स्क्रीनवरच्या हालचालीने खरोखर गरगरतं, मळमळतं. २०१३ मध्ये आयफोनच्या आयओएस या सॉफ्टवेअरच्या सातव्या आवृत्तीत झूम आणि तरंगणारी पार्श्वभूमी आली तेव्हा अशा तक्रारी इतक्या झाल्या की लगेचच्या अपडेटमध्ये हालचाल कमी करण्याचा पर्याय वाढवावा लागला.

या सगळ्यावरून कुणी म्हणेल की मग काळी स्क्रीनच बरी होती. नव्हती. तो कोडांचा महिना मी पाहिलाय. आणि देखणेपणाला किंमत नाही असंही नाही. १९९५ मध्ये हिताचीमधल्या मासाआकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा यांनी एटीएमच्या स्क्रीनच्या २६ मांडण्या २५२ लोकांना दाखवल्या. लोकांना ‘सोपी’ वाटलेली मांडणी आणि ‘सुंदर’ वाटलेली मांडणी यांचा मेळ जास्त बसला, खरोखर सोपी असण्याशी तेवढा बसला नाही. म्हणजे डेमोतला तो “वा!” खोटा नव्हता. समोरच्यांना ते सॉफ्टवेअर मनापासून सोपं वाटलं होतं. देखणेपणा आपल्याला आगाऊ विश्वास मिळवून देतो, उधारीवर. काकूंनी ती उधारी पहिल्याच दिवशी वसूल करायला घेतली एवढंच.

मोठ्या कंपन्याही दर काही वर्षांनी याच खड्ड्यात पाय घालतात, हे बघून मला थोडं बरं वाटतं हे कबूल करतो. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं. गोल कोपरे, मधोमध बसवलेला टास्कबार, विंडोमागून झिरपणारा वॉलपेपरचा रंग. आणि नव्याने लिहिलेल्या त्या टास्कबारवर फाइल ओढून टाकता येत नव्हती, बटणांवर विंडोची नावं दाखवता येत नव्हती, टास्कबार स्क्रीनच्या बाजूला नेता येत नव्हता. फाइल ओढण्याची सोय २०२२ मध्ये परत आली, नावं २०२३ मध्ये. हे माझं एफ४च आहे, फक्त कोट्यवधी लोकांच्या मशीनवरचं. २०२५ मध्ये मॅकवर लिक्विड ग्लास आलं, मागचं सगळं वितळून दिसणारी काच. तिच्यावरची अक्षरं वाचता येईनात अशी ओरड झाली, आणि काही महिन्यांत ती काच जास्त अपारदर्शक करण्याचा पर्याय देण्यात आला. काचेच्या मागचं वाचायचं की काचेवरचं, हा वाद व्हिस्टाच्या वेळीही झाला होता. तेव्हा मी काचेच्या बाजूने होतो.

त्या नव्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही. त्याला त्याच्या स्क्रीनवरचं एक पॅनल दाखवायला सांगितलं, तो सध्या जे करतोय ते, उजवीकडून सरकत येणारं. ते सरकत असताना मी कीबोर्ड ओढून घेतला आणि ५४ टाइप केलं. त्याच्या फील्डमध्ये ५४ बरोबर उमटलं. त्याने पान डिसेबल केलं नव्हतं. “बटणं हरवतात ना नाहीतर,” तो म्हणाला, जणू हे सगळ्यांनाच माहीत असतं.

घरच्या मशीनवर केडीई हा लिनक्सचा डेस्कटॉप आहे. त्याच्या प्लाझ्मा ६ या आवृत्तीत घन परत आलाय, तो मी चालू करून दोनदा फिरवला आणि बंद केला. डुलणाऱ्या विंडोज मात्र चालू आहेत. ऑफिसात नाही, फक्त घरी. त्याच्या सेटिंगमध्ये डुलणं कमी-जास्त करायची एक पट्टी आहे. काल रात्री ती जरा डावीकडे घेतली. फार लोंबत होत्या.